विसूभाऊजींचं पळणं

विसूभाऊजींइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. हे मी गंगेच्या काठावर बसून सांगते आहे, तेव्हा खोटं बोलायची सोय नाही. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांनी त्यांना बनारसचा वाघ म्हटलं, रंगूनला लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, आफ्रिकेत कुणा साहेबानं म्हणे त्यांच्या अनवाणी पायांचा फोटो काढून घेतला. वाघ कसला डोंबलाचा! आमच्या गच्चीवर माकड आलं की हा वाघ माझ्यामागे लपायचा आणि मागून मलाच सांगायचा, ‘वहिनी, हाकला ना त्याला.’

ते माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन वाईहून ब्रह्मा घाटावरच्या या घरात आले तेव्हा ते अठरा वर्षांचे असतील, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमचे हे आणि भाऊजी. बाईमाणूस मी एकटीच. आमचे हे मुखदुर्बळ, पाठशाळेत व्याकरण शिकवायचे आणि घरी आले की भिंतीकडे बघून जेवायचे. बोलायला म्हणून घरात एक भाऊजीच होते, आणि त्यांचं बोलणं म्हणजे कशाकशाची भीती वाटते याची यादी.

गल्लीत सांड आडवा बसला असेल तर सगळं बनारस त्याच्या पाठीला हात लावून पुढे जातं. भाऊजी परत फिरायचे आणि राजा घाटाकडून अर्ध्या मैलाचा वळसा घालून घरी यायचे. वीज कडाडली की देवघरात. पण सगळ्यांत मोठी भीती पाण्याची. सहा वर्षांचे असताना श्रावणात गंगा चढलेली असताना शेवाळावरून घसरून आत गेले होते, कुणा नावाड्यानं शेंडीला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून हा काशीत जन्मलेला, वैदिकाच्या घरचा मुलगा गंगेत उतरला नाही. तिसऱ्या पायरीवर बसायचा आणि तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचा. घाटावरच्या बायका मला विचारायच्या, तुझा दीर मिठाचा आहे का गं? मी म्हणायची, हो, तुमच्या घरचं संपलं असेल तर पाठवून देते.

आणि या सगळ्यांच्या वर मामंजींचं बोट. मामंजी घनपाठी होते. वेदातले शब्द घनात सरळ म्हणायचे नसतात. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, पुन्हा तिसऱ्यावरून उलटं पहिल्यापर्यंत, पुन्हा सरळ. अशी विणकाम केल्यासारखी पुढे-मागे जाणारी ती चाल. दोघांनी समोरासमोर पाटावर बसायचं आणि आळीपाळीनं म्हणायचं. एक थांबला की दुसऱ्यानं त्याच श्वासात उचलायचं. थोरल्या मुलाचा आवाज चढत नव्हता, म्हणून मामंजींच्या समोरच्या पाटावर विसूभाऊजी. एखादा स्वर चुकला तर मामंजी ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि थांबायचे. बस. त्या बोटाखाली भाऊजींचा चेहरा पिठासारखा व्हायचा. मी स्वयंपाकघरात असायची, तरी आवाज थांबला की माझ्या हातातलं लाटणंही थांबायचं.

असला माणूस फुटबॉल खेळतो हे मला धोतरांनी सांगितलं. गवताचे हिरवे डाग काही केल्या निघेनात. एक दिवस घोटा सुजून भोपळा झालेला. मी म्हटलं, भाऊजी, कुणाच्या बागेत चोरी करायला जाता? ते तिथंच मटकन खाली बसले आणि हात जोडून म्हणाले, अप्पांना सांगू नका. अप्पा म्हणजे मामंजी. गायघाटाकडच्या अहिर गवळ्यांचा रामधनी म्हणून त्यांचा दोस्त होता, अंगानं दरवाजाएवढा. त्याच्या नादानं हे कँटोन्मेंटच्या मैदानावर जायला लागले होते. रामधनी मागे बचावाला आणि हे सगळ्यांच्या पुढे, गोल करायला. चेंडू चामड्याचा. घरी कळलं असतं तर पहिल्यांदा माझा पाट बाहेर काढला असता, कारण लपवणारी मी. तरी मी लपवलं. का, ते आजही मला धड सांगता येत नाही. त्या घरात हसणारा तेवढा एकच माणूस होता, म्हणून असेल.

मी त्यांना खेळताना पाहिलं ते एकदाच. दुर्गाकुंडाला देवीला जाते असं मामंजींना सांगून मी रामधनीच्या बापाच्या इक्क्यात बसले आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. समोर पलटणीतले गोरे, बूट घातलेले, लालबुंद. एकेकाची पोटरी माझ्या मांडीएवढी. आमचे भाऊजी बारकुडे, अनवाणी, घोट्याला जुन्या पंच्याची पट्टी बांधलेली. चेंडू पायाशी आला आणि एक गोरा रेड्यासारखा अंगावर धावून गेला. मी भाऊजींचा चेहरा पाहिला. देवाशपथ सांगते, माकड आलं की व्हायचा तोच चेहरा. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. आणि ते जे सुटले! मागे गोरा, पुढे गोरा, हे दोन पावलं पुढे, दोन मागे, तीन पुढे, आणि कुठून कसे निसटले ते कुणालाच कळलं नाही. जाळं हललं तेव्हा मी डोळे मिटून संकठामाईला नवस बोलत होते. नवस फेडायला मला दोन महिने लागले.

घरी आल्यावर मी विचारलं, एवढी छाती कुठून आली हो तुमच्यात?

‘छाती कसली वहिनी,’ ते म्हणाले, ‘मी गोलाकडे धावत नाही. मागच्या माणसापासून पळतो. गोल त्या बाजूला असतो, एवढंच.’

हे त्यांचं पेटंट वाक्य. पुढे कुणीही कौतुक केलं की ते हेच सांगायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा. विनय नव्हता तो, खरं होतं ते.

शेंडीचीही गंमत सांगते. डोक्यानं चेंडू मारायचा तर शेंडी सुटून डोळ्यांवर यायची, म्हणून जानव्याच्या सुतानं तिची घट्ट गाठ मारायचे. एकदा कुणा बॅकनं ती गाठच धरली. दुसरा असता तर मागे वळून त्याला हाणलं असतं. हे ओरडले, ‘अप्पा!’ समोरचा दचकला, त्यानं हात सोडला, आणि यांनी जाऊन गोल केला. तेव्हापासून रामधनी कोणत्याही संकटात ‘अप्पा’ म्हणून ओरडायचा. म्हशीनं लाथ मारली तरी.

पण एक गोष्ट त्यांनी रामधनीलाही सांगितली नव्हती. मला सांगितली, तीही देवघराचं दार लावून. त्या पावलांचं गुपित. दोन पुढे, दोन मागे, तीन पुढे, तीन मागे, पुन्हा तीन पुढे. ‘वहिनी, तो घन आहे. भीती वाटली की माझे पाय घन म्हणायला लागतात. मी नाही म्हणत. ते म्हणतात.’ हे सांगताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. वेद, आणि पायानं! चामड्याच्या चेंडूशी! मी कानांवर हात ठेवले. समुद्रापेक्षा, चामड्यापेक्षा त्यांना या एका गोष्टीची भीती जास्त होती. पुढे कितीतरी देशांतल्या बॅकांनी त्या पावलांवर डोकं फोडलं, पण ती कुठून आली हे ब्रह्मा घाटावरच्या एका स्वयंपाकीण बाईला तेवढं ठाऊक होतं.

मग कलकत्ता आलं. तिथल्या एका क्लबानं त्यांना आणि रामधनीला बोलावून घेतलं, ज्यूटच्या कचेरीत नावाला कारकून केलं. खरं काम एकच, गोल करायचे. मामंजींना सांगितलं की तिथे एका मराठी गृहस्थाच्या देवघरात रोज वेदपठण करायला ब्राह्मण हवा आहे. हे अर्धं खरं होतं. सकाळी ते खरंच तिथे जाऊन म्हणायचे. संध्याकाळचं आम्ही सांगितलं नाही. चातुर्मासात घरी यायचे आणि समोरच्या पाटावर बसायचे. मामंजी आठ महिने त्या चार महिन्यांची वाट बघायचे, बोलून दाखवायचे नाहीत.

आणि कलकत्त्याच्या पुढे समुद्र होता. पहिल्यांदा रंगून. मग कोलंबो. दोन्ही वेळा जाऊन आले तेव्हा आम्हाला पत्ता नाही. मला सांगितलं तेव्हा मी भिंतीला टेकले. आजच्या मुलींना हे सांगून खरं वाटणार नाही, पण आमच्या वैदिकांत समुद्र ओलांडलेला माणूस म्हणजे पंगतीतून गेलेला. त्याच्याशेजारी बसून जेवायचं नाही, त्याच्यासमोर बसून मंत्र म्हणायचा नाही. विसूभाऊजी पंगतीतून गेले की मामंजींच्या समोरचा पाट रिकामा. दुसरा कुणी त्यांचा घन त्या ताकदीनं पेलणारा नव्हता. चाळीस वर्षं म्हणत आलेल्या माणसाचं अर्धं तोंडच बंद व्हायचं. भाऊजींना हे माझ्याहून जास्त कळत होतं. तरी गेले. मी विचारलं, पाण्याची एवढी भीती, मग जहाजावर पाय तरी कसा टाकलात? तर म्हणे, क्लबाच्या साहेबाला नाही म्हणायची भीती वाटली. असा हा माणूस! एका भीतीतून सुटायला दुसरीच्या तोंडात.

तिसरी सफर आफ्रिकेची. वैशाखात निघायचं, कार्तिकात परत. चातुर्मास चुकणार. यजमानांकडे मोठं अनुष्ठान आहे, हे कारण मी मामंजींना सांगितलं. हो, मीच, माझ्या तोंडानं. ते ‘बरं’ म्हणाले आणि शेजारच्या एका शिष्याला समोर बसवायला लागले. मी रात्रंदिवस जीव मुठीत धरून होते. दशम्या आणि बेसनाचे लाडू डबा भरून करून दिले, पाच महिने पुरणार नव्हतेच, पण आपली समजूत.

निघायच्या आधी भाऊजींनी पत्रं लिहून ठेवली. तिकडून लिहिलं तर पाकिटावर तिकडचं तिकीट, म्हणून आधीच सहा पत्रं लिहून, वर तिथी घालून, रामधनीजवळ दिली. रामधनीचा पाय मोडला होता, तो कलकत्त्यातच राहणार होता. त्याला सांगितलं, पत्रावर जी तिथी असेल त्या दिवशी पोस्टात टाक. पाच पत्रं पाच महिन्यांच्या शुद्ध एकादशीची. सहावं श्रावण वद्य दशमीचं. त्या दिवशी सासूबाईंची तिथी असायची. इतकी बारीक तजवीज केली होती! आणि तिथंच पाय घसरला.

आपल्या मराठी माणसांचा महिना अमावास्येला संपतो. इथल्या हिंदी लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा सारखाच, पण वद्य पक्षात आम्ही श्रावण म्हणतो तेव्हा त्यांचा भाद्रपद लागलेला असतो, आणि त्यांचा श्रावणातला काळा पंधरवडा आमच्या आषाढात येतो. ब्रह्मा घाटावरचं शेंबडं पोरही दोन्ही हिशेब डोक्यात घेऊन फिरतं. भाऊजींनी घाईत, भीतीत, आपला मराठी महिना लिहिला. रामधनी बिचारा अहिराचा मुलगा, त्यानं आपल्या महिन्यानं टाकलं. पत्र बरोबर एक महिना आधी आलं.

आषाढातली वद्य त्रयोदशी. बाहेर पावसानं अंधारून आलेलं, गंगा चढत चाललेली. मामंजी ओटीवर होते आणि समोर गंगाधरशास्त्री, चातुर्मासाच्या पारायणात कोण कुठे बसणार हे ठरवायला आलेले. हे शास्त्री म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं सोवळं मोजणारे. डाकवाला आला. मामंजींची नजर अधू झालेली, पत्रं मीच वाचून दाखवायची. पाकीट फोडलं, मायना वाचला, ‘आज’ म्हटलं आणि माझी दातखीळ बसली. समोर लिहिलेलं होतं, आज श्रावण वद्य दशमी, आईची तिथी, दादांनी घरी श्राद्ध केलंच असेल, मीही इथे एका ब्राह्मणाला तिच्या नावानं जेवू घातलं, त्याला खीर फार आवडली.

श्राद्ध अजून महिन्यावर होतं.

मी काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला. आज एकादशी, प्रकृती ठीक आहे, असं काहीबाही. माझी नजर कागदावर नव्हती आणि ते शास्त्रीबुवांना दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला. नाही कशी म्हणणार? त्यांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, खिरीसकट, स्वच्छ आवाजात वाचलं. मग पाकीट उलटंपालटं करून म्हणाले की हे कुणा हिंदुस्थानी माणसानं आपल्या महिन्यानं टाकलेलं दिसतं, म्हणजे पत्र आधीच लिहून ठेवलेलं, म्हणजे लिहिणारा काही कलकत्त्यात नाही. हुशार माणूस!

मामंजींनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी त्यांचं बोट वर जाईल म्हणून पाहत होते. ते गेलं नाही.

‘सूनबाई, विसू कुठे आहे?’

तीन महिने मी खोटं बोलत होते. पण त्या प्रश्नाला खोटं उत्तर माझ्या तोंडातून निघेना.

‘समुद्रापार, मामंजी. आफ्रिकेला. चेंडू खेळायला.’

मग मामंजी शास्त्रीबुवांना म्हणाले, ‘आजपासून आमच्याकडचं पाणी घेऊ नका. तुमची अडचण नको व्हायला.’ शास्त्री विडा न घेता उठले. संध्याकाळपर्यंत ब्रह्मा घाटापासून संकठा घाटापर्यंत सगळ्या ओट्यांवर ते पत्र पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिष्य आला नाही. त्याच्या घरच्यांनी बंद केला. मला वाटलं, आता मामंजी मला बोलतील, वाईला पाठवतील, निदान जेवणार तरी नाहीत. त्यांनी रोजच्यासारखे दोन पाट मांडायला सांगितले. एकावर बसले. आपला भाग म्हणाले आणि थांबले. समोरच्या रिकाम्या पाटाचा भाग जेवढा वेळ चालला असता तेवढा वेळ गप्प बसले, आणि मग पुढचा आपला भाग उचलला. असं रोज. महिना, दोन महिने. मी चुलीपाशी बसून ती शांतता ऐकायची. आवाज, थांबणं, आवाज, थांबणं. मला इतकी भीती आयुष्यात कशाची वाटली नाही. त्या माणसानं मला धरून मारलं असतं तर मी सुखानं जेवले असते.

सासूबाईंचं श्राद्ध आलं. ब्राह्मण कुणी यायला तयार नव्हते. दर्भाचे ब्राह्मण मांडून आमच्या ह्यांनी ते केलं. मी खीर केली, आणि ढवळताना रडले.

भाद्रपदातल्या एका दुपारी मामंजींनी पहिल्यांदा विचारलं, तो तिथं नेमकं करतो तरी काय? मी दाराआड उभी राहून सगळं सांगितलं. कँटोन्मेंट, गोरे, शेंडी. भाऊजी म्हणतात की मी गोलाकडे धावत नाही, मागच्या माणसापासून पळतो, हेही सांगितलं. बोलण्याच्या भरात तेही बोलून गेले, जे बोलायचं नव्हतं. पाय घन म्हणतात ते. दोन पुढे, दोन मागे, तीन पुढे. बोलले आणि जीभ चावली. हे तरी मी पोटात ठेवायला हवं होतं! मामंजी डोळे मिटून बसले. माझी नजर खाली होती म्हणून मला त्यांचं पाऊल दिसलं. उजव्या पायाचा अंगठा पाटावर हळूहळू हलत होता. पुढे, मागे, पुढे. मग जणू कुणी पाहिलं असं वाटून त्यांनी तो धोतराखाली ओढून घेतला.

कार्तिकात रामधनी लंगडत दारात आला. आत यायला तयार नाही. ‘भौजी, हमसे बड़ी भूल हो गई,’ म्हणून एवढा मोठा गडी हमसून हमसून रडला. मी म्हटलं, तुझी कसली भूल? तू सांगितलं तेच केलंस. तेव्हा त्यानं सांगितलं की विसूभैया आले आहेत, माझ्या घरी उतरलेत, गल्लीत यायला धजत नाहीत, संकठा घाटावर तुमची वाट बघताहेत.

मी संकठा घाटावर गेले. भाऊजी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसले होते, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं. काळे पडलेले, वाळलेले, कपाळावर टाक्यांची खूण. तीन आठवडे जहाजावर ते धोतरानं स्वतःला फळीशी बांधून घेऊन झोपायचे. लाट आली की संहिता म्हणायला सुरुवात करायचे. जाताना एकदा पुरी झाली, येताना एकदा. बरोबरच्या लोकांना वाटायचं, काय धर्मनिष्ठ माणूस! तिकडे प्रेक्षकांत गोऱ्यांची बाकं वेगळी, आपल्या लोकांची उन्हात वेगळी, आणि गोल झाला की एकाच बाजूनं आवाज यायचा, दुसरी बाजू नुसती बघायची. त्या बघण्याची भीती वाटायची म्हणाले. गोल किती केले विचारलं तर मोजले नव्हते. मग एकदम थांबून विचारलं, अप्पा काय म्हणाले?

मी म्हटलं, काहीच नाही. ते ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शास्त्र्यांनी निरोप धाडला होता की प्रायश्चित्त घ्या, सभेत उभं राहून चुकलो म्हणा, चेंडूला पुन्हा पाय लावणार नाही अशी शपथ घ्या, म्हणजे विचार करू. भाऊजी तयार होते. ते कशालाही तयार होते. मी घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते बराच वेळ पंच्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, उद्या उजाडताना घाटावर ये म्हणावं त्याला.

पहाटे मी कोरडा पंचा घेऊन त्यांच्यामागे गेले. कार्तिकातलं स्नान, ब्रह्मा घाट माणसांनी भरलेला. आम्ही आलो तशी माणसं बाजूला सरकली. भाऊजी खाली मान घालून उभे होते. नमस्कारासाठी वाकले, पण पायांना हात न लावता, जमिनीला लावला. मामंजी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले.

‘प्रायश्चित्त घेतोस म्हणे. पश्चात्ताप झालाय?’

भाऊजींनी किती वेळ लावला! वर घाटावर गंगाधरशास्त्री तांब्या घेऊन उभे होते, सगळा घाट कान देऊन होता. हो म्हणा, मी मनात म्हणत होते, अहो, हो म्हणा आणि सुटा.

‘नाही, अप्पा,’ ते म्हणाले. ‘नुसती भीती वाटते.’

मामंजींनी मान हलवली. ‘मग गंगेसमोर खोटं बोलू नकोस. इथं तुझ्यासमोर बसलो तर ती पंगत होईल. गंगेत पंगत नसते. उतर.’

भाऊजींनी पाण्याकडे पाहिलं. कार्तिकातलं पाणी, थंड, हिरवं. वयाच्या सहाव्या वर्षापासून जे अंगावर तांब्यानं घेतलं ते. मला वाटलं, हे आता वळतील आणि सुटतील, राजा घाटाकडून वळसा घालून थेट स्टेशनवर. ते उतरले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. दात वाजत होते ते मला वर ऐकू येत होते. मामंजींनी आपला भाग म्हटला आणि थांबले.

समोरून काही आलं नाही. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तीच शांतता. तीन महिने मी चुलीपाशी ऐकली होती ती. माझ्या हातातला पंचा मी पिळत होते, कोरडाच.

मामंजी उठले. काठी पायरीवर ठेवली आणि ते स्वतः पाण्यात उतरले. सत्तरीचा म्हातारा, चाचपडत, एकेक पायरी. भाऊजींच्या समोर, दोन हातांवर जाऊन उभे राहिले.

‘भीती वाटते?’

‘वाटते, अप्पा.’

‘मग पळ.’

आणि भाऊजी सुटले. काय तो आवाज! मी त्या घरात इतकी वर्षं घन ऐकला, पण असा नाही. जसं कुणी मागे लागलंय. मामंजींनी लगेच उचललं, मग यांनी, मग त्यांनी. थांबायला जागाच नाही. ऊन पाण्यावर आलं तरी चाललं होतं. एकदा एक स्वर घसरला, अगदी मलाही कळला. मामंजींचा हात पाण्यातून वर आला. बोट वर करण्यासाठी असेल. पण तो पुढे गेला आणि भाऊजींच्या खांद्यावर पडला, आणि म्हणणं थांबलं नाही. दोघांच्या कमरेभोवतीचं पाणी सारखं हलत होतं. वारा नव्हता. पाय कुणाचे हलत होते ते मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं एकट्याचे नव्हते.

संपल्यावर गंगाधरशास्त्र्यांनी आपला तांब्या भरला आणि ते पायऱ्या चढून गेले. मी भाऊजींना पंचा दिला. घरी चला म्हणता येत नव्हतं, ते त्यांनाही ठाऊक होतं. दुपारच्या गाडीनं ते कलकत्त्याला जाणार होते. पुढच्या वर्षी कार्तिकात येतो, असं ते पाण्याकडे बघत म्हणाले. मामंजी माघात गेले. भाऊजी नंतर कुठे कुठे खेळून आले, रामधनी कात्रणं आणून द्यायचा, पण या घाटाच्या पायऱ्या ते पुन्हा उतरले नाहीत.

त्या सकाळी ते ओल्या धोतरानं पायऱ्या चढत होते तेव्हा वरच्या वळणावर गल्लीच्या तोंडाशी एक सांड आडवा बसला होता. भाऊजी थबकले. मी खालून बघत होते, आता वळतात की काय. त्यांनी हात पुढे केला, डोळे घट्ट मिटले, त्याच्या पाठीला हात लावला आणि पलीकडे गेले. मग जे पळत सुटले ते गल्लीत दिसेनासे होईपर्यंत.